रोपानं मान टाकली, तर

मंडळी, माणूस आजारी पडला तर सांगतो. पोटात दुखतं, डोकं ठणकतं, काल काय खाल्लं, सगळं सांगतो. गुराला बोलता येत नाही. तरी जाणता माणूस त्याचं शेण बघतो, रवंथ करतंय का बघतो, कानाला हात लावून बघतो आणि दुखणं ओळखतो. रोपाचंही तसंच आहे. ते बोलत नाही. पण त्याची पानं, खोड आणि मुळं सांगत असतात. ते वाचता आलं पाहिजे. तुम्ही आता अक्षरं वाचायला शिकला आहात. या पाठात आपण रोप वाचायला शिकू. त्याबरोबर औषधाच्या पुडीवरची अक्षरंही वाचू. या दोन वाचनांचा एकमेकांशी काय संबंध, ते पुढं कळेलच.

आमच्या सांगली-साताऱ्याकडं रोपं करण्याची रीत जुनी आहे. भाताचा तरवा, वांग्याचं-मिरचीचं तरू, कांद्याचं रोप हे घरोघरी होत असे. शेताच्या कोपऱ्यात वाफा करायचा, बी फेकायचं, वर पाचट टाकायचं. आता काळ बदलला. टोमॅटोचं, ढबू मिरचीचं संकरित बी महाग. एकेक बी मोजून लावावं लागतं. म्हणून प्लॅस्टिकचे ट्रे आले. त्यात मातीऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा भरतात. त्याला कोकोपीट म्हणतात. वर हिरवी जाळी, बाजूला बारीक जाळी, असं हे रोपांचं घर. ऊन, पाऊस, वारा बाहेर. पण घर बांधलं म्हणून आजार बाहेर राहतो असं नाही. घरात आजार शिरला की उलट वेगानं पसरतो, कारण रोपं एकमेकांना खेटून असतात.

आमच्या रात्रीच्या वर्गाला वाळवे तालुक्यातल्या एका गावच्या अक्का येत असत. वय पन्नाशीचं. त्यांनी बचत गटाचं कर्ज काढून घरामागं लहानसं जाळीचं घर उभं केलं होतं. एक एकर टोमॅटो लावायचा बेत होता. हिशेब आम्ही वर्गातच केला होता. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. दोन सरींत ५ फूट आणि दोन रोपांत दीड फूट ठेवलं, तर एका रोपाला साडेसात चौरस फूट जागा लागते. ४३,५६० ला साडेसातानं भागलं की ५,८०८ रोपं येतात. एका ट्रेला ९८ घरं. ६० ट्रे झाले की ५,८८०. पण सगळं बी उगवत नाही, म्हणून अक्कांनी ७० ट्रे भरले. ७० गुणिले ९८ म्हणजे ६,८६०. हा गुणाकार अक्कांनी स्वतः फळ्यावर केला. तो बरोबर आला तेव्हा त्या लाजून हसल्या होत्या.

आषाढ लागला. आठ दिवस सूर्य दिसला नाही. एका संध्याकाळी अक्का वर्गाला आल्या त्या ट्रे घेऊनच.

“गुरुजी, काल सांजच्याला चांगली उभी हुती. आज बघा की, समदी आडवी. कुणाची नजर लागली म्हनं.”

“अक्का, नजर लागली का पाणी लागलं, ते आधी बघू,” आम्ही म्हणालो.

दुसऱ्या हातात पिशवी होती. त्यात दुकानातून आणलेल्या तीन वस्तू होत्या. दोन बाटल्या आणि एक पुडी. “तिन्ही एकदम मारा म्हनला,” अक्का म्हणाल्या. अजून मारलं नव्हतं, हे नशीब.

त्या संध्याकाळी आम्ही धडा बाजूला ठेवला. ट्रे टेबलावर ठेवला. सगळा वर्ग भोवती जमला. काय बघायचं आणि कोणत्या क्रमानं बघायचं, ते तेव्हा जसं सांगितलं तसंच इथं लिहितो.

पहिल्यांदा रोपाकडं बघायचंच नाही. लांब उभं राहून सगळ्या घराकडं बघायचं. आजारी रोपं कुठं आहेत? सगळीकडं सारखीच आहेत, का एका जागी गोळा झाली आहेत? सगळी रोपं एकाच वेळी, एकसारखी बिघडली असतील, तर बहुतेक आपल्याच हातून काही चुकलं आहे. पाणी, खत, औषध, नाहीतर उजेड, यांपैकी काहीतरी सगळ्यांना एकसारखं कमी-जास्त झालेलं असतं. रोग असा सगळ्यांना एका दिवसात धरत नाही. तो एका ठिकाणी सुरू होतो आणि तेलाचा डाग पसरावा तसा गोल पसरत जातो. फक्त कडेचे ट्रे वाळले असतील, तर तो वारा आणि उन्हाची झळ. छपराची जिथं गळती आहे तिथंच रोपं गेली असतील, तर कारण डोक्यावरच आहे.

अक्कांना विचारलं, “कुठली पडली?” “एका कोपऱ्यातली. म्होरीकडच्या.” “काल किती, आज किती?” “काल वंजळभर, आज चार ट्रे.” म्हणजे डाग पसरत होता.

मग जवळ जायचं. एक रोप हळूच उपटायचं. मूळ पाण्यात धुवायचं आणि पांढऱ्या कागदावर ठेवायचं. चांगलं मूळ पांढरंशुभ्र असतं, त्याला बारीक केस असतात. कुजलेलं मूळ तपकिरी असतं. ते चिमटीत धरून ओढलं, की वरची साल निसटून येते आणि आत दोऱ्यासारखी शीर राहते. खोड बघायचं, ते जमिनीला टेकतं तिथं. अक्कांच्या रोपाचं खोड तिथं पाणी भरल्यासारखं मऊ झालं होतं आणि सुतळीला पीळ द्यावा तसं बारीक झालं होतं. वरची पानं मात्र अजून हिरवी होती. पानं हिरवी आणि रोप आडवं, ही या रोगाची खूण. याला रोपांची मर म्हणतात. कुणी रोपं कोलमडणं म्हणतात.

एक गोष्ट इथंच सांगतो. रोप आडवं दिसलं म्हणजे मरच, असं नाही. खोड कात्रीनं कापल्यासारखं तुटलं असेल तर तो किड्याचा उद्योग. कुरतडणारी अळी आणि रातकिडा रात्री येऊन कापतात आणि दिवसा ट्रेखाली दडतात. बी उगवलंच नाही, घर रिकामं राहिलं, तर तिथं बोट घालून बी शोधा. बी सापडलंच नाही तर मुंग्यांनी नेलं असेल. उंदरालाही टोमॅटोचं बी आवडतं. बी सापडलं आणि मऊ झालेलं असेल तर मर आतल्या आतच लागली. हा रोग जमिनीवर येण्याआधीही बी मारतो आणि आल्यावरही मारतो. शेतकरी म्हणतो बी खोटं निघालं, आणि भांडायला दुकानात जातो. कधी बी खरंच खोटं असतं. पण भांडायला जाण्याआधी घर उकरून बघावं.

हा रोग कशानं होतो? मातीत आणि पाण्यात राहणारे बारीक जीव असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. त्यातल्या एका घराण्याचं नाव पिथियम. तो बुरशीसारखा दिसतो. त्याची पिल्लावळ पाण्यात पोहते. हे नीट ध्यानात घ्या, कारण सगळी मेख इथं आहे. पाणी साचलेलं असेल तर तो या घरातून त्या घरात पोहत जातो. पाणी निचरून गेलं की त्याची वाटच बंद. बटलर नावाचे एक साहेब बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी शेती संस्थेत होते. त्यांनी या घराण्याचा अभ्यास करून १९०७ साली मोठा निबंध लिहिला. कोरेगावकडच्या आल्याच्या शेतकऱ्यांना या घराण्याची ओळख सांगायला नको. आल्याचा आणि हळदीचा गड्डा कुजतो तोही यांच्याच भाऊबंदांमुळं. पावसाळ्यात सरीत पाणी तुंबलं की गड्डा जातो. टोमॅटोच्या रोपाचंही तेच. पिथियमशिवाय दुसऱ्याही दोन-तीन बुरश्या मर आणतात. पण ओल आणि दाटी या दोन गोष्टी सगळ्यांनाच लागतात.

आता अक्कांना तिसरा प्रश्न. गेल्या आठ दिवसांत काय काय केलं? हा प्रश्न डॉक्टर विचारतो तसा शांतपणे विचारावा, पोलीस विचारतो तसा नाही. नाहीतर माणूस खरं सांगत नाही. अक्कांनी सांगितलं की रोज सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी घालत होत्या. “दोन टायम घाला म्हनून सांगितलं हुतं.” ज्यानं सांगितलं त्यानं उन्हाळ्याचं सांगितलं असणार. आषाढात, ढग भरलेले असताना, ओल उडतच नाही. शिवाय ट्रे जमिनीवर अंथरलेल्या प्लॅस्टिकवर ठेवलेले. ट्रेच्या बुडाला भोकं असतात, पण खाली प्लॅस्टिक, त्यावर तळं. मोरीकडचा कोपरा उताराचा. सगळं पाणी तिथंच. मर तिथं सुरू झाली यात नवल काय?

शेतकऱ्याला वाफसा कळतो. रान ओलं आहे पण चिखल नाही, हातात माती घेतली तर ढेकूळ बनतं पण बोटाला चिकटत नाही, तो वाफसा. तोच नियम ट्रेला लावायचा. भुसा मुठीत दाबला तर एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर जास्त, थेंबही नाही तर कमी. दुसरी युक्ती वजनाची. पाणी घातल्यावर ट्रे उचलून बघा आणि सुकल्यावर उचलून बघा. चार दिवसांत हाताला कळू लागतं. बाई घागर उचलून सांगते की ती अर्धी आहे का भरलेली, तसंच हे. वजन हलकं झाल्याशिवाय पाणी घालायचं नाही. आणि घालायचं ते सकाळी, म्हणजे रात्रीपर्यंत पानं कोरडी होतात.

यात एक फसगत आहे. पाणी कमी पडलं तरी रोप मान टाकतं, आणि पाणी जास्त झालं तरी मान टाकतं. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत. मग ओल्या भुशातही रोप तहानलेलं राहतं. मालक बघतो, म्हणतो सुकलं, आणि आणखी पाणी घालतो. आम्ही स्वतः असं केलेलं आहे. म्हणून मान टाकलेल्या रोपाला पाणी घालण्याआधी बोट खुपसून बघावं.

मग पिशवी उघडली. आता वाचनाची पाळी. अक्कांनाच सांगितलं, वाचा. पहिल्या बाटलीवर त्यांनी अडखळत अक्षरं जुळवली: कीट-क-ना-शक. किडे मारणारं. किडा तर एकही नव्हता. दुसऱ्या बाटलीवर झाडाच्या वाढीचं काहीतरी. मेलेल्या रोपाला वाढीचं औषध! वर्गातल्या एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं हसून अक्कांना राग आणला. तिसरी पुडी होती तिच्यावर लिहिलं होतं, कॉपर ऑक्सिक्लोराईड, बुरशीनाशक. ही एवढीच कामाची. तिघांत एक. उरलेल्या दोन बाटल्या न फोडलेल्या होत्या. अक्कांनी दुसऱ्या दिवशी त्या परत केल्या. पैसे मिळायला थोडा आवाज चढवावा लागला, असं कळलं.

औषधाच्या प्रत्येक पुडीवर एक चौकोन असतो, टोकावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल विष. पिवळा त्याच्या खाली. निळा त्याच्याही खाली. हिरवा सगळ्यात सौम्य. पण हिरवा म्हणजे पिण्याजोगा, असं कुणी समजू नये. हे सगळं १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानं आणि त्याखालच्या नियमांनी बांधून दिलेलं आहे. पुडीवर तयार केल्याची तारीख असते, मुदत संपण्याची तारीख असते, कोणत्या पिकावर कोणत्या रोगाला किती वापरायचं ते असतं, आणि विषबाधा झाली तर काय करायचं तेही असतं. अक्षरं मात्र फार बारीक. चष्मा नसेल तर नातवाला जवळ बसवा, पण वाचल्याशिवाय पुडी फोडू नका. बियाच्या पाकिटावरही असंच बघायचं. त्यावर उगवण शंभरात किती ते छापलेलं असतं. प्रमाणित बियाला टोमॅटो आणि वांग्यासाठी कमीत कमी ७० आणि मिरचीसाठी ६० टक्के उगवण लागते. म्हणजे मिरचीची शंभरातली ४० घरं रिकामी राहिली तरी रोग आहेच असं होत नाही. बी लाल-निळं रंगवलेलं असेल तर त्याला औषध चोळलेलं आहे. ते उरलं म्हणून कोंबड्यांना टाकू नये.

पुढं काय केलं, ते थोडक्यात. आजारी ट्रे आणि त्यांच्या भोवतीची एक रांग, एकूण ११ ट्रे, बाहेर काढले. दिसायला चांगली असलेली रांग काढताना अक्कांचा जीव तुटला. पण डाग कापताना भोवतीचं बोटभर चांगलं कापडही कापावं लागतं. काढलेला भुसा उकिरड्यावर टाकला नाही, खड्ड्यात पुरला. उकिरड्यावर टाकला असता तर खताबरोबर पुन्हा रानात आला असता. उरलेले ट्रे विटा आणि बांबूंवर उचलून ठेवले, म्हणजे खालून वारा खेळेल. बाजूची प्लॅस्टिकची पाटी वर गुंडाळली, जाळी तेवढी ठेवली. दोन दिवस पाणी बंद. मग कॉपर ऑक्सिक्लोराईड, लिटरला अडीच ते तीन ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ४० ग्रॅम, या हिशेबानं झारीनं मुळाशी दिलं. हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून, आणि पोरांना लांब ठेवून.

तांब्याचं औषध आपल्याला नवं नाही. तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराला बोर्डो माहीत असतो. मोरचूद आणि चुना पाण्यात मिसळून तो होतो. फ्रान्समध्ये बोर्डो नावाचं शहर आहे. तिथले द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं पाणी शिंपडत, ते चोरांना भीती वाटावी म्हणून. मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं की रस्त्याकडेच्या वेलींना रोग लागत नाही, आतल्या वेलींना लागतो. १८८५ साली त्यानं ते जगाला सांगितलं. चोराच्या भीतीपायी औषध सापडलं! मात्र बोर्डो लोखंडाच्या भांड्यात करू नये, आणि कोवळ्या ट्रेच्या रोपांना तो पोळतो, म्हणून त्यांना पुडीचंच औषध बरं.

ट्रायकोडर्मा नावाची एक पुडी मिळते. ती औषध नव्हे, ती जिवंत बुरशी आहे, पण आपल्या बाजूची. ती वाईट बुरशीला खाते. बी पेरण्याआधी ती बियाला चोळतात किंवा भुशात मिसळतात. ती जिवंत असल्यामुळं मुदत संपलेली घेऊ नये, उन्हात ठेवू नये, आणि तिच्याबरोबर बुरशीनाशक देऊ नये. दिलं तर आपलाच राखणदार आपण मारला. ती आधी राखण करते. रोपं पडल्यावर धावत येऊन वाचवील अशी आशा नको.

ज्यांच्याकडं ट्रे नाहीत, मातीचाच वाफा आहे, त्यांनी गादीवाफा करावा. १ मीटर रुंद, ३ मीटर लांब आणि वीतभर उंच. बी फेकू नये, ओळीत पेरावं. पाटण-जावळीच्या डोंगरी गावात भाताच्या रोपासाठी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, काटक्या वाफ्यावर पसरून पेटवतात. त्या आचेनं तणाचं बी आणि मातीतली कीड-बुरशी मरते. आजोबा-पणजोबांनी हे पुस्तक न वाचता ठरवलं. आता जाळायला पाला कमी आणि तो जाळून खताचं नुकसानही होतं. त्याऐवजी ऊन वापरता येतं. चैत्र-वैशाखात वाफा ओला करायचा, त्यावर पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीनं बुजवायच्या आणि ४ ते ६ आठवडे ठेवायचं. आत माती भाजून निघते. काळं प्लॅस्टिक नको, आरपार दिसणारंच हवं. इस्राएल देशातल्या संशोधकांनी ही रीत १९७६ साली प्रसिद्ध केली. आम्हाला ती राबाची धाकटी बहीण वाटते.

मर सोडून दुसरीही दुखणी असतात. रोप उंच, बारीक, फिकट आणि एका बाजूला झुकलेलं असेल, तर त्याला उजेड कमी पडतो आहे. बी उगवण्यासाठी ट्रे एकावर एक रचून झाकून ठेवतात. टोमॅटोचं बी तीन-चार दिवसांत तोंड काढतं. त्याच दिवशी ट्रे पसरायला हवेत. लग्नाला गेलो, एक दिवस उशीर झाला, की रोपं काडीसारखी लांब होतात. ती पुढं कधीच धड होत नाहीत. आंब्याखाली जाळी उभारली असेल किंवा जाळीवर धूळ बसली असेल, तरी असंच होतं.

पानं पिवळी पडली तर कोणती पडली ते बघा. बियातून निघालेली पहिली दोन पानं वयानं पिवळी पडून गळतात. तो रोग नव्हे. त्याच्यावरची जुनी पानं आधी पिवळी झाली तर नत्र कमी. काथ्याच्या भुशात रोपाचं जेवण फारसं नसतं, म्हणून खरी पानं आली की १९:१९:१९ हे विरघळणारं खत लिटरला दोन-तीन ग्रॅम द्यावं लागतं. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी. हे फार वेळा चुनखडी पाण्यानं होतं. लोह असतं, पण रोपाला घेता येत नाही. थंडीत पानाची खालची बाजू जांभळी झाली तर स्फुरद मिळत नाही; ऊब आली की पुष्कळदा आपोआप सुधारतं.

पानांचे शेंडे आणि कडा करपल्या आणि भुशावर पांढरी पापडी दिसली, तर खारट पाणी. हे आपल्या कृष्णाकाठच्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावं. वाळवे, पलूस, मिरज या भागांत पाण्याच्या अतिवापरानं रानं क्षारपड झाली आणि कित्येक विहिरींचं पाणी मचूळ झालं. उसाला ते पाणी चालून जातं. ट्रेमधल्या रोपाला चालत नाही, कारण त्याच्या वाट्याला चिमूटभर भुसा. भुशातही मूळचं मीठ असतं, म्हणून तो गोड्या पाण्यानं दोन-तीन वेळा धुऊन घ्यावा. पाण्याची परीक्षा करून मिळते. साताऱ्याला बोरगावचं आणि मिरजेकडं कांचनपूरचं कृषी विज्ञान केंद्र आहे. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात क्षारपड जमिनीचंच काम चालत आलं आहे. तिथं बाटलीत पाणी घेऊन जायला लाजू नये.

मिरचीचं पान वाकडं झालं तर कसं वाकडं झालं ते बघा. कडा वर वळून होडी झाली तर फुलकिडे. कडा खाली वळून होडी पालथी झाली तर कोळी. पांढऱ्या कागदावर रोप झटका. फुलकिडे काळ्या-पिवळ्या बारीक रेघांसारखे पळताना दिसतील. टोमॅटोचं पान गोळा होऊन वाढ थांबली तर तो विषाणू, आणि तो पांढरी माशी आणते. विषाणूला औषध नाही. ते रोप उपटायचं. २०२० च्या उन्हाळ्यात सातारा आणि शेजारच्या जिल्ह्यांत टोमॅटोची फळं एकसारखी पिकेनात, तीन रंगांची दिसू लागली. लोकांनी त्याला तिरंगा नाव दिलं. नमुने बेंगळुरूच्या संस्थेत गेले, तेव्हा त्यात विषाणू सापडले. फळ आल्यावर समजलं तर उपाय उरत नाही. म्हणून रोपाच्या घराला बारीक जाळी आणि दाराला दुहेरी पडदा हवा.

आता आमची फजिती. शाळेत असताना आम्ही मुलांकडून शंभरेक टोमॅटोची रोपं करवून घेतली होती. मावा दिसला, म्हणून शेजारच्या मळ्यातून पंप उसना आणला. चार दिवसांत सगळी पानं पीळ पडून शेवयांसारखी लांब झाली. आम्ही मुलांना ठासून सांगितलं की हा विषाणू आहे, आणि सगळी रोपं उपटून टाकायला लावली. एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, त्या पंपानं उसातलं तण मारलं हुतं.” टू-फोर-डी! उसाला ते काही करत नाही, पण टोमॅटोला त्याचा वाससुद्धा सोसत नाही. सगळी रोपं एकदम, एकसारखी बिघडली होती; म्हणजे रोग नव्हता, आमचाच हात होता. हे आम्हाला कळायला हवं होतं. मुलाला आधी गप्प बसवलं होतं, त्याची लाज अजून वाटते. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, आणि शेजारी उसात फवारणी असेल त्या दिवशी वाऱ्याची दिशा बघून रोपाचं घर झाका.

अक्कांचं पुढं काय झालं? आठव्या दिवसापर्यंत आणखी काही रोपं पडली, मग पडायची थांबली. लावणीआधी चार दिवस पाणी कमी केलं आणि जाळी बाजूला सारली, म्हणजे रोपाला बाहेरच्या वाऱ्याची सवय होते. पंचविसाव्या दिवशी ट्रेमधून रोपं काढली. मुळांचा पांढरा गड्डा अखंड निघाला. अक्कांनी वहीत पाच-पाचच्या रेघा ओढून मोजणी केली. ४,७०० रोपं भरली. एकराला पुरेशी नव्हती. ३२ गुंठ्यांत टोमॅटो लागला. उरलेल्या ८ गुंठ्यांत त्यांनी घेवडा टोकला. ती वही घेऊन त्या वर्गाला आल्या, आणि वजाबाकी बरोबर आहे का ते तपासून घेतलं. एका ठिकाणी हातचा चुकला होता.